मळ्याला धार लागते

पुण्यात लोकांच्या घरी, दवाखान्यांत, हॉटेलांच्या दर्शनी भागात माशांच्या टाक्या बसवायच्या आणि मग आठवड्या-पंधरवड्याने जाऊन त्यांचं पाणी बदलायचं, स्पंज पिळायचा, काच घासायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. या धंद्यातला जवळजवळ सगळा माल बाहेरचा. गोल्डफिश मूळचा चीनचा, एंजल आणि डिस्कस अ‍ॅमेझॉनचे, मॉली आणि प्लॅटी मेक्सिकोकडचे. फ्लॉवरहॉर्न तर कुठल्याच नदीचा नाही, तो माणसाने संकर करून घडवलेला. यातले बरेचसे आता चेन्नईच्या कोळत्तूरला आणि कोलकात्याच्या आसपास पैदा होतात आणि थर्मोकोलच्या खोक्यांतून पुण्याला येतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही, माझं घर त्यांच्यावर चालतं. पण माझ्या स्वतःच्या हॉलमध्ये जी चार फुटी टाकी आहे, तिच्यात यातला एकही मासा नाही. तिच्यात मुळशी खोऱ्यातल्या, माझ्या मामांच्या गावच्या ओढ्याचे मासे आहेत.

नवीन माणूस टाकीसमोर आला की त्याला आधी नुसते काळे दगड आणि वाळू दिसते. दोन मिनिटं थांबला तर हळूहळू मासे दिसू लागतात. वरच्या थरात दांडवण, अंगाच्या मधोमध तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ काळी रेघ. त्यांच्या खालोखाल डेव्हारियो, ज्यांच्या कुशीवर निळे-पिवळे पट्टे आहेत, पण ते तिरपा उजेड पडल्याशिवाय खुलत नाहीत. मधल्या थरात टिक्टो, बोटाच्या दोन पेरांएवढे, कल्ल्यामागे एक आणि शेपटीच्या बुडाशी एक असे दोन काळे ठिपके घेऊन फिरणारे. वाळूत अर्धी रुतलेली, मिशावाली मुरी. आणि दगडाच्या वरच्या अंगाला, जिथे पाण्याचा सगळ्यात जास्त मारा असतो तिथे, चिकटून बसलेला मळ्या. डोक मी वेगळ्या टाकीत ठेवतो, कारण तो बाकीच्यांना खाईल.

या माशांची लेखी नोंद जुनी आहे. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरीत असताना १८२०च्या दशकात दख्खनभर फिरला आणि इथल्या नद्यांमधल्या माशांची वर्णनं त्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. इथल्या लोकांच्या तोंडी असलेली नावंच त्याने अनेक माशांच्या शास्त्रीय नावांत घातली. मळ्या आजही ‘गारा मुल्या’ आहे, शिंगटी ‘मिस्टस सिंगटी’ आहे आणि महाशीर ‘टोर खुद्री’. त्याच्यानंतर फ्रान्सिस डे याने १८७२ मध्ये पुण्याहून मिळालेल्या एका छोट्या मुरीचं वर्णन केलं आणि ती पाठवणाऱ्या कर्नल इव्हेझार्डचं नाव तिला दिलं. म्हणजे जी मुरी माझ्या टाकीत वाळू उपसत बसलेली असते, तिची शास्त्राला पहिली ओळख याच शहरातून झाली. पुण्यातल्या किती अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत ती पाहायला मिळते? मी तरी एकातही पाहिलेली नाही.

मामांच्या गावचा ओढा पावसाळ्यात पायाला ओढ लावणारा आणि मार्च-एप्रिलमध्ये तुटक तुटक डोहांचा. मासे कधी आणायचे, हे मला या ओढ्याने आणि तिथल्या वाडीवरच्या एका कातकरी बाईंनी शिकवलं. डोह आटत आले की मासे एका जागी कोंडलेले असतात आणि साध्या जाळीने भराभर मिळतात. वरवर पाहता तीच सोपी वेळ. त्या बाई म्हणाल्या, “दादा, उन्हाळ्यात डोहातलं समदं काढलं, तं पावसाळ्यात वर चढंल काय?” त्यांनी एका वाक्यात जे सांगितलं ते अगदी खरं आहे. मे महिन्यातला डोह म्हणजे त्या अख्ख्या ओढ्याचं बियाणं. पुढच्या वर्षी जे काही जन्मणार ते त्या गुडघाभर पाण्यात आहे. तेव्हा काढलेली बादलीभर मासोळी आणि सप्टेंबरनंतर काढलेली बादलीभर मासोळी यांचा हिशेब एक नाही.

जूनमध्येही हात लावायचा नाही. पहिल्या जोरदार पावसाबरोबर मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, शेतांत आणि उथळ चरांत शिरून अंडी घालतात. कोकणात हे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडे ही वलगण. पोटात गाभोळी असलेले मासे धरून खाण्याची रीत जुनी आहे आणि ज्यांच्या घरात त्या आठवड्यात तेवढंच कालवण असतं त्यांना मी काही सांगणार नाही. पण शोभेसाठी न्यायचे मासे तेव्हा धरणं मला कधीच पटलं नाही. म्हणून मी पाऊस ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला जातो. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं तेव्हा बोटभर झालेली असतात. त्यातली पुष्कळशी हिवाळा आणि उन्हाळा काढेपर्यंत बगळ्यांच्या, खेकड्यांच्या, पाणसापांच्या पोटी जाणारच असतात. लहान मासे नव्या पाण्याला, नव्या खाण्याला लवकर सरावतात, मोठे मासे काचेला तोंड आपटत राहतात. ताम्हिणीच्या अभयारण्याची हद्द तिथून लांब नाही, आणि त्या हद्दीतून मासाच काय, दगडही उचलायचा नाही. हा कायदा आहे आणि तो रास्त आहे.

मामा पहिल्यांदा माझ्याबरोबर ओढ्यावर आले तेव्हा पिशवीत डोकावून म्हणाले, “अरे, याचं धड कालवणही व्हायचं नाही.” आता तेच फोन करून सांगतात, वरच्या वळणाला दांडवण दिसायला लागलेत, ये.

आणताना मासे उपाशी असावेत. खाल्लेला मासा वाटेत पाणी घाण करतो आणि स्वतःच्याच घाणीने गुदमरतो. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवायची, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, आणि प्रवास पहाटेचा. घरी आल्यावर सरळ मोठ्या टाकीत नाही. ओढ्याच्या माशांबरोबर बऱ्याचदा अंगाला चिकटलेले परजीवी येतात, नांगरासारखा आकडा कातडीत रुतवणारा अँकर वर्म तर नेहमीचा. तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, रोज एकेकाचं अंग निरखून, मगच त्यांना बाकीच्यांत सोडायचं. धंद्यात हे कोणी करत नाही, कारण दुकानात मासा जेवढे दिवस पडून राहील तेवढा तोटा. घरी करायला काहीच हरकत नाही.

पण खरं काम इथून पुढे सुरू होतं. बाजारात मिळणारी टाकी थांबलेल्या पाण्याची असते. गोल्डफिशला, फायटरला, गौरामीला ती चालते. मळ्याला ती चालत नाही. मळ्याच्या खालच्या ओठामागे एक मांसल चकती असते. तिच्या जोरावर तो खडकाला धरतो, छातीचे पर आडवे पसरतो आणि वरून येणारी धार त्याला उलट खडकावर दाबून धरते. जिथे आपला पाय ठरत नाही तिथे तो बसून शेवाळ खरवडतो. त्याचं शरीरच धारेसाठी बनलेलं आहे. त्याला संथ टाकीत ठेवलं तर तो मरत नाही लगेच, पण फिल्टरच्या तोंडाशी जाऊन बसतो, कल्ले भराभर हलवतो, अंगावरचा रंग उतरतो. ग्राहक म्हणतात, सुस्त मासा आहे. सुस्त नाही, तो धार शोधत असतो.

माझी टाकी म्हणून लांब आहे आणि उंचीला कमी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, पाणी साधारण अडीचशे लिटर. तळाच्या वाळूखाली पीव्हीसीचे पाइप घातलेत. उजव्या टोकाला दोन स्पंज आहेत, त्यांतून पाणी आत ओढलं जातं, पाइपांतून डाव्या टोकाला येतं आणि तिथल्या दोन पंपांतून जोराने बाहेर पडून टाकीच्या पूर्ण लांबीवर एकाच दिशेने वाहतं. तासाला टाकीच्या पाण्याच्या दहा-बारा पट पाणी फिरावं, असा माझा अंदाज असतो. ओढ्यात मात्र सगळीकडे सारखा जोर नसतो, म्हणून दगड असे रचायचे की प्रत्येक मोठ्या दगडामागे थोडी शांत जागा राहील. पंप सुरू केल्यावर मासे आपापली जागा स्वतः शोधतात आणि ते पाहणं हा या सगळ्या खटाटोपाचा मोबदला आहे. मळ्या दगडाच्या तोंडावर, जिथे मारा आहे तिथे. डेव्हारियो धारेच्या मध्यभागी, तोंड प्रवाहाकडे करून, जागच्या जागी पोहत. दांडवण धारेच्या कडेला, वाहून येणाऱ्या दाण्यावर झडप घालून परत आडोशाला. मुरी दगडाखालच्या फटीत. टिक्टो मागच्या शांत पाण्यात. ओढ्याकाठी कितीही तास बसलं तरी वरून फेसाळ पाणी दिसतं. त्या पाण्यात जागांची ही वाटणी असते, हे मला काचेतून कळलं, आणि त्यानंतर ओढ्यावर गेल्यावर कुठल्या दगडामागे कोण असेल हे मी सांगू शकायला लागलो.

दगड काळे, आपल्या सह्याद्रीचेच. ग्राहकांना पांढऱ्या संगमरवरी चिपा हव्या असतात, पण त्यातला चुना पाण्यात उतरून पाणी जड करतो. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत, बुडबुडे आले की तो दगड बाहेर. घाटातल्या ओढ्याचं पाणी पावसाचं, काळ्या खडकावरून आलेलं, त्यात क्षार कमी. पुण्यात धरणाचं नळाचं पाणी त्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं, सोसायटीच्या बोअरचं अजिबात नाही. बोअर असलेल्या इमारतीत हे मासे ठेवायचे तर आरओचं पाणी मिसळावं लागतं.

आणि गुरुवार सांभाळावा लागतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी येणारं पाणी बऱ्याचदा गढूळ आणि क्लोरीनच्या वासाचं असतं. दुकानात ज्याला हायपो म्हणतात ते स्फटिक टाकून क्लोरीन मारता येतो, पण मी शुक्रवारी पाणी बदलतच नाही. वीज गेली तर गोल्डफिशची टाकी बराच वेळ तग धरते. धारेच्या माशांना मात्र पंप थांबल्याबरोबर श्वास कमी पडायला लागतो. घरात इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी काय जोडायचं, तर पंखा नाही, टाकीचा पंप.

नव्या टाकीबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि जवळजवळ कोणीच ऐकत नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. स्पंजावर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला महिना, दीड महिना जातो. तोपर्यंत टाकी स्वच्छ दिसत असली तरी पाणी विषारी असतं. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने ते सगळे मरतात, म्हणून तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. लोकांना पहिल्याच दिवशी मासे हवे असतात. हौशी टाक्या पहिल्या दोन महिन्यांत बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

पुण्याचा उन्हाळा ही या टाकीची परीक्षा. पाण्यात प्राणवायू किती विरघळणार हे तापमानावर ठरतं. वीस अंशाला लिटरमध्ये साधारण नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साडेसात. म्हणजे ज्या दिवशी माशाला श्वास जास्त लागतो, त्याच दिवशी पाण्यात तो कमी असतो. एप्रिलमध्ये माझ्या हॉलमधलं पाणी सहज तीसच्या वर जातं. त्यावर मी चिलर घेतला नाही. टाकीचं झाकण बाजूला करून जाळी बसवतो आणि पृष्ठभागावर तिरपा वारा लागेल असा एक छोटा पंखा लावतो. माठात पाणी थंड होतं त्याच कारणाने टाकीतलं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पाणी रोज उडतं, आणि उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याची. जाळी मात्र काढायची नाही. डेव्हारियो उंच उडी मारतात आणि रात्री जमिनीवर पडलेला मासा सकाळी कडक झालेला सापडतो.

खाण्याचा प्रश्न पहिल्या महिन्याचा. ओढ्यातला मासा दुकानातल्या गोळ्यांना अन्न समजत नाही. त्याला हलणारं काहीतरी लागतं. गच्चीवर एका टबात पाणी ठेवलं की डासांच्या अळ्या आपोआप होतात, त्या गाळून घालायच्या, मात्र टब रोज तपासून, एकही अळी डास होऊन उडणार नाही अशा बेताने. हळूहळू अळ्यांबरोबर बारीक गोळ्या वाहत्या पाण्यात सोडायच्या. एका दांडवणाने त्या घेतल्या की बाकीचे त्याच्या मागे लागतात. मळ्याचं वेगळं. त्याला शेवाळ हवं आणि टाकीतलं शेवाळ तो चार दिवसांत संपवतो. म्हणून गच्चीत भर उन्हात दुसरा एक पसरट टब असतो, त्यात गोटे. त्यांच्यावर हिरवा थर धरला की ते खाली टाकीत आणि खालचे चाटून स्वच्छ केलेले वर उन्हात. हे अदलाबदलीचं काम वर्षभर चालतं. माझ्या मुलीने लहानपणी ते स्वतःकडे घेतलं होतं आणि अजूनही सुट्टीवर आली की आधी गोटे बघते.

जूनची मी दरवर्षी वाट पाहतो. शहरातला पहिला पाऊस घाण असतो, हवेतली सगळी धूळ आणि धूर घेऊन खाली येतो, तो जाऊ द्यायचा. नंतरच्या दोन-चार सरींचं पाणी गच्चीवर पिंपात धरायचं. संध्याकाळी टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढून तेवढंच पावसाचं घालायचं, तेही टाकीपेक्षा दोन-तीन अंश थंड असताना. सायफनची नळी अशी धरायची की पाणी वरून सरीने पडेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहाटे टिक्टोच्या नरांच्या कुशीवर लालसर झाक चढलेली असते. ते माद्यांच्या मागे शेवाळाच्या पुंजक्यांत घुसतात, अंगाला अंग लावून थरथरतात आणि टाचणीच्या टोकाएवढी अंडी शेवाळाला चिकटतात. गच्चीवर उन्हाळाभर साठवलेलं पाणी घातलं, तेवढंच थंड करून घातलं, तरी माझ्याकडे हे असं झालेलं नाही. त्यांना पावसाचंच पाणी हवं की आणखी काही, म्हणजे ढगाळ हवा, दाब, आवाज, हे मी अजून शोधतो आहे.

अंडी दिसली की मोठे मासे बाहेर काढायचे, नाहीतर तेच ती खातात. एक-दोन दिवसांत पिल्लं फुटतात, काही दिवस काचेला चिकटून राहतात आणि मग पोहायला लागतात. तेव्हा त्यांचं तोंड इतकं लहान असतं की डोळ्यांना दिसेल असं काहीच त्यांना खाता येत नाही. भाताच्या पेंढ्याचा तुकडा पाण्यात कुजत ठेवला की त्यात सूक्ष्म जीव होतात, ते थेंबाथेंबाने द्यायचे, आठवड्याने आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं. इथे बरीचशी मरतात. पण जी राहतात त्यांच्यामुळे मला पुन्हा ओढ्यावर जाऊन मासे काढायची गरज उरत नाही. टिक्टोच्या बाबतीत गेली काही वर्षं ती उरलेली नाही. मळ्याने मात्र माझ्या टाकीत कधी अंडी घातलेली नाहीत.

डोकाची टाकी शेजारच्या खोलीत, धारेशिवाय, पानांनी भरलेली. देशी बदामाची वाळलेली पानं पाण्यात टाकली की ते चहाच्या रंगाचं होतं आणि डोकाला तसं आवडतं. तो हवेत श्वास घेऊ शकतो. डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळी पोकळी असते, म्हणून डोह चिखल झाला तरी तो तगतो आणि टाकीच्या झाकणावर वजन ठेवावं लागतं. वीतभर मासा, पण नजर अशी की समोर उभं राहिलं की तो आपल्याकडे पाहतोय हे कळतं. नर-मादी पृष्ठभागाजवळ एकमेकांना वेढतात, अंडी पाण्यावर तरंगतात आणि नर ती सगळी तोंडात भरून घेतो. मग कित्येक दिवस तो खात नाही. हनुवटीखालचा भाग फुगलेला, तो कोपऱ्यात बसून राहतो, मधूनच तोंड हलवून अंडी आत फिरवतो. मादी बाहेर पहारा देते. गावाकडे मरळीएवढी किंमत नसल्यामुळे डोकाकडे कोणी फारसं पाहत नाही. त्याचं हे बापपण पाहिलेला माणूस त्याला पुन्हा ‘नुसता डोक’ म्हणणार नाही.

कोथरूडमधल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या दवाखान्यासाठी टाकी सांगितली तेव्हा त्यांना अर्थातच ‘नीमो’ हवा होता, तो खाऱ्या पाण्याचा. मी त्यांना माझ्या घरी बोलावलं, अर्धा तास बसवलं आणि मग त्यांनीच ओढ्याची टाकी मागितली. आता तिथे तापाने किरकिरणारी मुलं आधी काहीच नाही म्हणून तोंड फिरवतात आणि मग एखादं ओरडतं, “तो बघ, काचेला चिकटला!” मळ्या काचेवर बसला की त्याची खालची चकती, तोंडाची सतत चाललेली खरवड, सगळं समोरून दिसतं. रंगीत टाकीसमोर मुलं रंगांची नावं सांगतात, इथे ती मासा काय करतोय ते सांगतात. एकदा भोरकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. काचेजवळ वाकून म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आमच्या वढ्यातली मुरी. आता दिसत न्हाई हो तिकडं.”

ते खरं आहे. मामांच्या ओढ्यातही वरच्या अंगाला प्लॉट पडले, डोंगर कापून रस्ते केले आणि पावसाळ्यात ती सगळी लाल माती ओढ्यात आली. मातीने पाणी गढूळ होतं एवढंच आपल्याला दिसतं. खाली ती दगडांमधल्या फटी बुजवते, दगडावरच्या शेवाळावर थर धरते, अंड्यांवर बसते. मुरीची राहायची जागा जाते, मळ्याचं खाणं जातं. दांडवण त्यातही तगून राहतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला वाटतं, मासे तर आहेत. आणखी खाली ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारणारे येतात. पूर्वी गेळ्याची फळं ठेचून डोहात टाकायचे. तो डोहापुरता मामला असायचा. ब्लीचिंगने मोठ्यापासून अंड्यापर्यंत, खेकड्यापासून शेवाळापर्यंत सगळं संपतं. ज्या वळणावरून मी पूर्वी मळ्या आणले, तिथे आता तो मिळत नाही.

हे ऐकून लोक चांगल्या मनाने एकच सुचवतात. तुमच्याकडे पिल्लं होतात ना, मग ओढ्यात सोडा. मी सोडत नाही आणि कोणाला सोडू देत नाही. एक तर टाकीत शहरभरच्या माशांचे रोग येऊन गेलेले असतात. दुसरं म्हणजे माझ्या पंधरा-वीस माशांची पिल्लं ही त्याच पंधरा-वीस माशांची पिल्लं. आणि तिसरं, घाटाच्या या बाजूचं पाणी भीमा-कृष्णेला मिळतं, त्या बाजूचं कोकणातून समुद्राला. दोन्हीकडचे मासे दिसायला सारखे असले तरी एक असतीलच असं नाही. लोणावळ्याला १९७०च्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास झाली. फार मोलाचं काम होतं ते, तेव्हा महाशीर संपत चालला होता. पण तिथलं बीज कावेरीतही सोडलं गेलं. तिथला स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर वेगळा होता. आपल्याकडच्या महाशीराने तिथे जम बसवला आणि तिथला मूळचा मागे हटत गेला, इतका की २०१८ मध्ये त्याची नोंद जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आपलाच मासा दुसऱ्याच्या नदीत परका ठरतो. मासे वाचवायचे तर ते आहेत तिथे पाण्यात वाचवावे लागतात. महाडजवळ वाळणकोंडीत देवीच्या नावाने राखलेले महाशीर आहेत, वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत शंकराचे आहेत. गावाने ठरवलं, त्या कोंडीत गळ टाकायचा नाही, एवढंच. ओढ्याच्या एका डोहासाठी तरी असं ठरवावं, म्हणून मी आणि मामा दोन वर्षांपासून गावात बोलतो आहोत. वाडीवरच्या त्या बाई आमच्या बाजूने आहेत, आणि त्यांचं बोलणं गाव आमच्यापेक्षा जास्त ऐकतं.

माझ्याकडच्या पिल्लांसाठी माणसं शोधावी लागतात. कोणी मागायला आलं की मी आधी विचारतो, टाकी किती लांब, पंप कुठला, वीज गेली तर काय, आणि दोन वर्षांनी कंटाळा आला तर मासे कोणाला देणार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “नदीत सोडू” असं आलं तर मासे मिळत नाहीत. या शहरात टाक्या रिकाम्या होतात त्या बदली झाल्यावर, घर बदलल्यावर, मुलं परदेशी गेल्यावर, आणि मग रात्री कोणीतरी बादली घेऊन पाषाणच्या तलावाकडे किंवा मुठेकडे जातं. उजनीत सापडणारे ‘सकर’ मासे काही दक्षिण अमेरिकेतून पोहत आलेले नाहीत. म्हणून माझ्या सगळ्या ग्राहकांना सांगून ठेवलंय, टाकी बंद करायची असेल तर मला फोन करा, मासे कोणतेही असोत, मी येऊन घेऊन जातो, पैसे देऊ नका, मागणारही नाही. सध्या गच्चीवरच्या टबांत लोकांनी दिलेले तीन सकर आणि एक लाल शेपटीचा मोठा मासा आहे. त्यातला एक सकर फूटभर झालाय. एका शाळेने त्यांच्या प्रयोगशाळेत सहा फुटी टाकी ठेवायची तयारी दाखवली आहे, येत्या रविवारी मी मोजमाप घ्यायला जाणार आहे.